शेतावरची टोपली पहिल्यांदाच घेताय? आधी हे वाचा

पुण्यात आता बऱ्याच सोसायट्यांच्या गेटवर शनिवारी सकाळी भाजीचे क्रेट उतरतात. पुरंदर, मुळशी, भोर, खेड या भागांतले दोन-चार एकरवाले शेतकरी हंगामाचे पैसे आधी घेतात आणि शेतात जे तयार असेल त्याचा वाटा दर आठवड्याला घरोघर पोचवतात. आम्हीही त्यातलेच. सासवडच्या पुढे आमचं रान आहे. विहिरीचं पाणी, ठिबक, बांधाला सीताफळं, एका कोपऱ्यात अंजीर, बाकी सगळा भाजीपाला. दर हंगामात नवी घरं जोडली जातात आणि पहिल्या महिन्यात सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: एवढी मेथी कशाला, टोमॅटो का नाहीत, हे पान कसलं, आणि बुधवारपर्यंत पालक पिवळा कसा पडला. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगते, ते इथे एकदा नीट लिहिते.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. बाजारात आपण आज काय करायचं ते ठरवून भाजी घेतो. टोपलीच्या घरात आधी भाजी येते आणि मग ठरतं. भाजी वाया जाते ती बहुतेक वेळा खाण्याचा क्रम चुकल्यामुळे. वांगी सोमवारी झाली आणि चाकवत गुरुवारसाठी ठेवला की गुरुवारी चाकवत कचऱ्यात जाणारच. हा क्रम जमला की निम्म्या तक्रारी आपोआप संपतात.

पैसे भरण्याआधी काय विचाराल

पहिला प्रश्न: शेत कुठे आहे आणि बघायला कधी येऊ? जो शेतकरी टाळाटाळ करतो तिथे सावकाश घ्या. शेतात गेलात की वाफे मोजत बसू नका, नुसतं बघा की उभं पीक किती प्रकारचं आहे. टोपलीचं शेत ठिगळाठिगळांचं दिसतं: दोन सरी मेथी, शेजारी आठ दिवस उशिरा पेरलेली मेथी, मग मुळा, मग वांग्याचा तुकडा. एकाच भाजीचं पीक लांबपर्यंत पसरलेलं असेल तर तो माल मार्केट यार्डासाठी, म्हणजे घाऊक बाजारासाठी आहे आणि टोपलीतल्या बाकीच्या भाज्या दुसरीकडून येतात.

दुसरीकडून येण्यात वावगं काही नाही, सांगून आलं पाहिजे एवढंच. आमच्याकडे हापूस पिकत नाही. टोपलीत आंबे असतात तेव्हा ते कोकणातल्या ओळखीच्या बागायतदाराचे आहेत असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पण बाराही महिने फ्लॉवर, मटार, सिमला मिरची आणि ब्रोकोली मिळेल असं कोणी सांगत असेल, तर तुम्ही यार्डातली भाजी घरपोच घेताय एवढं समजून पैसे द्या.

तिसरा प्रश्न सेंद्रियचा. 'पूर्ण नैसर्गिक' असं पिशवीवर छापायला काही लागत नाही. प्रमाणपत्र विचारा. लहान शेतकऱ्यांना परवडेल अशी पीजीएस-इंडिया ही केंद्र सरकारची पद्धत आहे. तिच्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांच्या रानाची तपासणी करतात. शेत रासायनिककडून सेंद्रियकडे बदलाच्या काळात असेल तर पीजीएस-ग्रीन, तो काळ पुरा झाला की पीजीएस-ऑरगॅनिक. प्रमाणपत्र नसेल तर सरळ विचारा की मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर काय फवारता, करप्याला (पानं करपवणाऱ्या रोगाला) काय करता. निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क), चिकट सापळे असं नेमकं उत्तर आलं तर माणूस रानात उभा राहणारा आहे. 'आम्ही काहीच मारत नाही' हे उत्तर मला स्वतःला कधी पटत नाही. टोमॅटोवर पावसाळ्यात काहीच न करता टोपली भरणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

चौथा प्रश्न बहुतेक लोक विचारायला लाजतात: गारपीट झाली, विहीर आटली, तर आमच्या पैशाचं काय? इथेच वाटा आणि खरेदी यांतला फरक आहे. जपानमध्ये १९७०च्या दशकात गृहिणींच्या गटांनी शेतकऱ्यांशी असे करार सुरू केले, त्यांना तेइकेई म्हणतात. पीक आलं तर वाटून घ्यायचं आणि बुडालं तर तेही वाटून सोसायचं, हे तिथे गृहीत असतं. आपल्याकडे प्रत्येकाची रीत वेगळी. कोणी पुढचे आठवडे वाढवून देतं, कोणी पैसे वळते करतं, कोणी काहीच करत नाही. जे असेल ते आधी कळू द्या. सुट्टीत गावाला गेलात तर ती टोपली पुढे ढकलता येते का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

कायद्याची धास्ती बाळगू नका. जुलै २०१६मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला, त्यामुळे शेतकऱ्याने थेट तुमच्या दारात विकायला अडचण नाही.

टोपली केवढी घ्यायची

'सहा किलो भाजी आम्ही चौघं कधी खाणार?' हे वाक्य दर हंगामात ऐकते. हिशेब करून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये काढलेल्या आहारविषयक सूचनांत माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, आणि त्या भाज्यांत बटाटा धरलेला नाही. चौघांचे आठवड्याचे ११ किलोंच्या वर जातात. आमची मोठी टोपली सहा किलोंच्या आसपास असते, म्हणजे माणशी दिवसाला २१५ ग्रॅमही पडत नाहीत. त्यातून देठं, साली, टरफलं निघतात ती वेगळीच. भाजी जास्त नसते. आपली सवय कमी भाजी खाण्याची झालेली असते.

तरीही दोघंही दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनला जेवत असाल तर लहान टोपलीच घ्या. आणि पहिला महिना शेजाऱ्याबरोबर अर्धी-अर्धी करून बघायला काहीच हरकत नाही. फक्त एकाच घराच्या नावावर घ्या आणि वाटणी तुम्ही आपसात करा, नाहीतर अर्धा मुळा कुणाचा याचा निवाडा शेतकऱ्याला करावा लागतो.

टोपली उघडल्यावरचा पहिला अर्धा तास

सगळं गणित या अर्ध्या तासावर आहे. पालेभाज्या आम्ही शुक्रवारी उन्हं उतरल्यावर काढतो आणि रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवतो, फळभाज्या शनिवारी पहाटे तोडतो. तुमच्या हातात येईपर्यंत पाला बारा-चौदा तासांचा झालेला असतो. पिशवी तशीच फ्रिजमध्ये ढकलून बाहेर पडलात की रविवार संध्याकाळपर्यंत आतला पाला तापून चिकट होतो.

नोव्हेंबरच्या शेवटाची एक टोपली डोळ्यांसमोर ठेवू. तीत काय असतं? मेथीची मोठी जुडी, चाकवताची एक, पाल्यासकट तीन मुळे, काटेरी वांगी अर्धा किलो, वालाचा घेवडा पाव किलोच्या वर, एक फ्लॉवर, टोमॅटो, गाजरं, कोथिंबीर, चार लिंबं आणि पेरू. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सगळं त्यावर ओता.

आधी जुड्यांचे रबर किंवा सुतळी सोडा. बांधलेल्या जागी पाला दबतो आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. पिवळी, काळपट, चिखलाने माखलेली पानं काढून टाका. धुऊ मात्र नका. पाला ओला असेल तर पंख्याखाली दहा मिनिटं पसरा, मग सुती फडक्यात किंवा कोरड्या कागदात सैल गुंडाळून डब्यात किंवा भाजीच्या कप्प्यात ठेवा. ओला पाला बंद केला की कुजतो आणि कोरडा उघडा ठेवला की सुकतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कोथिंबिरीला मुळं असतील तर तीही तोडू नका. पेल्यात बोटभर पाणी घालून त्यात उभी ठेवा, वरून पिशवी सैल घाला.

मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करा. गाजर, बीट, नवलकोल यांनाही हेच. पाला लागलेला राहिला की तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि तीन दिवसांत मुळा लिबलिबीत होतो. कापलेला पाला टाकायचा नाही, ती आजची नाहीतर उद्याची भाजी.

वांगी, घेवडा, भेंडी, गवार कोरडी असतील तर कागदात गुंडाळून ठेवा, आणि ओली असतील तर आधी पुसा. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. देठाकडे हिरवट असलेले बाहेर टोपलीत दोन-तीन दिवसांत लाल होतात, गारठ्यात त्यांची चव मरते. कांदे आणि बटाटे दोन्ही बाहेर, पण एकमेकांपासून लांब. रताळी आणि सुरणही बाहेरच. फ्रिजमध्ये ठेवलेलं रताळं शिजवलं तरी मधे टणक राहतं.

पेरू, चिकू, केळी, आंबे, टोमॅटो यांची जागा पालेभाजीपासून दूर असू द्या. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याने शेजारचा पाला पिवळा पडतो. 'पालक बुधवारी पिवळा' या तक्रारीचं कारण बऱ्याचदा त्याच कप्प्यात ठेवलेला पेरू असतो.

आता आठवड्याचा क्रम

वरच्याच टोपलीचं सांगते. शनिवारी रात्री चाकवत, कारण तो सगळ्यांत नाजूक. ताकातला करा: पाला शिजवून घोटायचा, डाळीचं पीठ लावायचं, भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे घालायचे, वरून लसणाची फोडणी. रविवारी दुपारी मुळ्याचा पाला बारीक चिरून, पीठ पेरून. रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मेथी निवडा. घरातल्या सगळ्यांना बसवा, जुडी दहा मिनिटांत संपते. निम्मी सोमवारच्या डब्याला, निम्मी मंगळवारी सकाळच्या पराठ्यांत.

पाला इथे संपला. मंगळवारी रात्री भरली वांगी, बुधवारी घेवडा, गुरुवारी फ्लॉवर-टोमॅटोचा रस्सा. मुळे आणि गाजरं अधूनमधून कोशिंबिरीला. शुक्रवारी टोपलीत काही उरलंच नसेल तर पिठलं-भाकरी कुठे गेली?

भाज्या बदलतील, क्रम हाच: पहिले तीन दिवस पाला, मग शेंगा, भेंडी, वांगी, मग फ्लॉवर-कोबी, आणि सगळ्यांत शेवटी दुधी, गाजर, बीट, भोपळा. अख्खा लाल भोपळा तर घरात महिनोन्‌महिने बसून राहतो. कापलेला मात्र बिया आणि मधला गर काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. मटार आणि मक्याची कणसं या क्रमात बसत नाहीत. तोडल्यापासून त्यांची साखर उतरत जाते, म्हणून ती आली त्याच दिवशी सोला, खा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाका.

पालेभाजी करायच्या वेळीच धुवा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला बुडवून हलवा आणि वर उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीवर ओतायचं नाही, तळाची माती पुन्हा पाल्यावर येते. पावसाळ्यात तीन पाणी लागतात. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवले की अळ्या वर येतात. अळी दिसली म्हणून फोटो पाठवू नका, अळी असणार. वांग्याला बारीक भोक असेल तर चिरून बघा. भोकाभोवतीचा भाग काढून बाकीचं वांगं चांगलं निघतं. आतून सगळं काळं पडलं असेल तर फोटो जरूर पाठवा, पुढच्या टोपलीत भरून देतो.

वर्षभरात काय, केव्हा

नवीन लोक जूनमध्ये टोपली सुरू करतात, शाळेबरोबर. खरं सांगायचं तर वर्षातला सगळ्यांत हलका महिना तोच. मे संपता संपता विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, उन्हाळी गवार-भेंडी दमलेली असते, आणि पाऊस वेळेवर आला तरी त्या ओलीवर पेरलेली मेथी तयार व्हायला चार आठवडे लागतात. कोथिंबिरीला सहा. म्हणून जून ते जुलैच्या मध्यापर्यंत टोपलीत कांदा, लाल भोपळा, दुधी, गवार, शेवग्याचा पाला असंच असतं. या दिवसांत बाजारात कोथिंबिरीची जुडी महागलेली असते आणि आमच्याकडे नसते, म्हणून दोन्हीकडून बोलणी खावी लागतात.

आषाढ-श्रावणात वेल धरतात. दोडका, घोसाळी, पडवळ, कारली, काकडी, तोंडली. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तीळ-खोबरं घालून चटणी होते. घोसाळ्याची भजी मला बटाट्याच्या भजींपेक्षा आवडतात. याच सुमाराला बांधावरच्या रानभाज्या येतात आणि नव्या लोकांचे फोन वाढतात. घोळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा, केना, पाथरी, आणि नशीब असेल तर करटोली. या लावाव्या लागत नाहीत, त्यामुळे कुठल्या आठवड्यात काय मिळेल याचं वेळापत्रक देता येत नाही. आमच्या सासूबाई खुडतात तेवढीच टोपलीत येते, आणि त्यांनी नको म्हटलेलं पान आम्ही घालत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात मटार येतो. शहरातल्या लोकांना याचं नवल वाटतं, कारण त्यांचा मटार हिवाळ्यात मध्य प्रदेशातून येणारा. पुरंदरात वाटाणा खरिपात पेरतात. पावसात तोडलेल्या शेंगांवर डाग असतात, दाणा गोड असतो. पाठोपाठ भुईमुगाच्या ओल्या शेंगा. गणपतीत गौरी आणि ऋषिपंचमीसाठी त्या आठवड्याची टोपली वेगळी बांधतो: अळू, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस, अंबाडी, आणि हे सगळं थोडं-थोडं.

चातुर्मासात काही घरं वांगं आणि कांदा-लसूण खात नाहीत. आधी कळवलंत तर बदली भाजी देतो. जेजुरी आमच्या तालुक्यातलीच, त्यामुळे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांग्याची मागणी एकदम वाढते. त्या आठवड्यात भरताची वांगी हवी असतील तर आठ दिवस आधी सांगा.

दिवाळीनंतर मजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टोपली जमिनीवरून उचलत नाही: मेथी, पालक, शेपू, चाकवत, करडई, कांद्याची पात, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, पावटा, घेवडा, तुरीच्या शेंगा, ओली हळद. डिसेंबरात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडतो. तो आंबटसर असतो आणि जास्त आला तर सावलीत वाळवून ठेवता येतो. भोगीच्या आठवड्यात गाजर, वांगी, ओला हरभरा, पावटा, बोरं आणि उसाचं कांडं एकत्र येतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुमची तुम्ही करा. याच दिवसांत बाजारात मेथी कवडीमोल होते आणि आमच्या टोपलीचा दर तोच राहतो, हे काहींना खटकतं. जुलैत तो तोच असतो तेव्हा कोणी बोलत नाही. दर वर्षाचा मिळून काढलेला असतो.

मार्चनंतर पाला कमी होत जातो. राजगिरा, अंबाडी, थोडी लाल माठ. गवार, भेंडी, काकडी, दुधी, शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या. उन्हाळी भेंडी एका दिवसात जून होते. आम्ही दिवसाआड तोडतो, तरी एखादी निबर निघते. शेपटाचं टोक मोडून बघा. कट्‌कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर ती आमटीत टाकायची.

फळांचं वेगळं प्रकरण

फळं दर आठवड्याला नसतात आणि कोणी दर आठवड्याला कबूल केली तर ती कुठली हे विचारा. आमच्याकडे खरी दोनच.

सीताफळ पावसाळ्यात सुरू होतं आणि दिवाळीच्या आसपास भरात असतं. आम्ही ते कडकच तोडतो. वरचे डोळे उघडले आणि मधल्या खाचा पिवळट पांढऱ्या झाल्या की फळ तयार. घरी कागदात गुंडाळून ठेवा, दोन-चार दिवसांत मऊ पडतं. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये गेलं की काळं पडतं आणि पिकतच नाही. पिकल्यावर हवं तर एक दिवस ठेवा. सगळी एकदम पिकली तर गर काढून, बिया वेगळ्या करून फ्रीझरमध्ये टाका, बासुंदीला होतो.

अंजिराचं याच्या उलट. ते झाडावरच पिकावं लागतं, काढल्यावर गोडी वाढत नाही, म्हणून तुमच्याकडे येतं तेच मऊ. पुरंदरच्या अंजिराला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षात दोन बहार. हिवाळ्याकडचा खट्टा, उन्हाळ्याकडचा मीठा, आणि नावावरून कळतं तसा दुसरा जास्त गोड. अंजीर आलं त्याच दिवशी खायचं. सोमवारी खाऊ म्हणून ठेवलंत तर सोमवारी बुरशी दिसेल आणि त्याची तक्रार आम्ही घेत नाही. बाकी पेरू, लिंबं, आवळे, थोडी चिक्कूची झाडं. त्यांचं तुम्हाला कळतं. आंबे कच्चे आले तर गवतात आढी घाला, एकावर एक रचू नका.

अनोळखी भाजी आणि दोन इशारे

ओळख नसलेल्या पालेभाजीला एकच रीत लावा: तेल, लसूण, हिरवी मिरची, मूठभर भिजवलेली मूगडाळ, झाकण ठेवून वाफ. शेपू, तांदुळजा, घोळ, कुर्डू, राजगिरा सगळ्यांना चालते. अंबाडीत कण्या किंवा तुरीची डाळ घालावी लागते, नाहीतर आंबटपणा दातांना लागतो. अळू आणि सुरण खाजरे, म्हणून चिंच किंवा कोकम घातल्याशिवाय शिजवायचे नाहीत. चिरताना हाताला तेल लावा.

दुसरा इशारा गंभीर आहे. दुधी, दोडका, काकडी चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळं फळ टाकून द्या, साखर-मसाला घालून शिजवू नका, आणि रस तर अजिबात काढू नका. या वेलांत क्युकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य कधीकधी वाढतं, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याची भीती नाही. कडू दुधी निघाला तर आम्हाला कळवाच, त्या वेलाची बाकीची फळं आम्ही तोडत नाही.

जास्त झालं तर

कोथिंबिरीच्या वड्या वाफवून फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस आरामात राहतात, तळायच्या वेळी तळा. टोमॅटो उकडून, साल काढून, घोटून डब्यांत भरा, साराला आणि रश्श्याला चालतो. मेथी निवडून, चिरून, मीठ लावून पिळली की मूठभर होते, मग मुटके करा. लाल भोपळ्याचे घारगे. गाजर-मुळ्याचं लिंबातलं लोणचं आठवडाभर पुरतं. ओल्या हळदीचंही तसंच, फक्त पांढरा ओटा जपा. आणि खरंच संपत नसेल तर खाली वॉचमनकाकांना द्या, पण रविवारीच द्या. गुरुवारी मरगळलेली जुडी देऊ नका.

शेतकऱ्याला काय कळवायचं

बुधवार संध्याकाळपर्यंत सांगितलेलं जमतं, शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर आलेलं जमत नाही, कारण तोवर पाला काढून झालेला असतो. 'अमुक भाजी कधीच नको' अशी दोन नावं प्रत्येक घराने द्यावीत, जास्त नाही. क्रेट, कापडी पिशव्या आणि रबर परत पाठवा. रबर फालतू वाटतात, पण हिवाळ्यात आठवड्याला शेकड्यांनी लागतात.

आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाटातून सासवड मुक्कामी येते. तेव्हा घाटरस्ता बंद असतो आणि आमची गाडी पुण्याकडे उतरू शकत नाही. त्या आठवड्याची टोपली पालखीच्या तारखेप्रमाणे दोन-तीन दिवस मागेपुढे होते. नवा दिवस आम्ही आदल्या शनिवारच्या चिठ्ठीवर लिहितो. ती चिठ्ठी बहुधा टोपलीच्या तळाशी, मुळ्यांखाली सापडते.